कुंपण खाणाऱ्या वहिनी

आम्ही चार म्हातारे चहाला जमलो की रोसाचे किस्से निघतातच. दर वेळी एखादा नवा! मी नवरा, प्रत्यक्ष साक्षीदार. तरी त्यातले खरे किती, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आठवतात तसे सांगतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

मक्याच्या बियाण्यावर पीएच.डी. करायला मी मेक्सिकोला गेलो आणि रोसाशी लग्न करून परतलो. नोकरी लातूरला. जिल्हा नवा कोरा, आणि पावसानं दडी मारलेली! येताना रोसानं एका डब्यात आजीच्या शेतातला मका आणला होता. "वर्षभर बघते," ती म्हणाली. "कायम राहायचं ठरलं, तर इथं पेरीन."

मी रोज गुपचूप डबा हलवायचो. खुळखुळ वाजला की समजायचं, अजून पेरलेला नाही. विचारायची हिंमत नव्हती.

*

पहिल्याच आठवड्यात तिनं कुंपणाचा फड्या निवडुंग कापला, काटे काढले आणि तिकडच्या रीतीनं जेवणाला तव्यावर भाजला. शेजारच्या शहनाजभाबी ताटभर भाकरी घेऊन धावत आल्या.

"सर, घरात दाणा न्हाई तर सांगायचं की! बाई कुंपण खाऊन राहिल्यात!"

संध्याकाळपर्यंत बातमी कॉलनीभर झाली. कुंपणानं शेत खाल्लेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. कुंपणच खाणारी वहिनी पहिल्यांदाच!

*

मक्याची भाकरी थापताना तुटते. रोसाकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग धुऊन वाटतात. भाकरी रुमालासारखी दुमडते! तिनं मला पानाच्या टपरीवर पिटाळलं.

"पावकिलो चुना द्या."

"तंबाखू किती?"

"तंबाखू नको."

"मग भिंत रंगवायची व्हय?"

"नाही. भाकरीसाठी पाहिजे."

पानवाला शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "लई शिकलं की असं होतंय!"

*

ईदनंतर रोसानं भाबींना जेवायला बोलावलं. तिच्याकडे सणाच्या कोंबडीच्या रश्शात मिरचीबरोबर चॉकलेट घालतात. लातुरात मिळाली ती पोरांची चॉकलेटं. चाळीस कागद सोलले मी!

भाबींनी एक घास घेतला.

"रोसा, आज कोंबडीचा बड्डे हाय का?"

पण रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला. रोसाला मराठी शिकवायचं कामही तेव्हापासून त्यांनीच घेतलं. माझं मराठी म्हणे पुस्तकी!

*

वर्ष संपत आलं. नव्या जिल्ह्याचं रेशन कार्ड काढायला गेलो. कारकुनानं विचारलं, "बाई कायमच्या, का पाव्हण्या?"

"विचारून सांगतो."

"अवो सर, बायकूच हाय ना तुमची?"

घरी येऊन डबा हलवला. आवाज नाही! मका बांधून ठेवला वाटतं, परत न्यायला. तसाच मागच्या दारी गेलो.

रोसा आणि भाबी कुंपणाशी वाकून मातीत दाणे टोबत होत्या. बाजूला भाजी धुतलेल्या पाण्याची बादली.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, जमिनीत ओल नाही! उगवण व्हायची नाही!"

रोसा मान वर न करताच म्हणाली,

"अवो, तुमची पीएच.डी. ऱ्हाऊ द्या. तांब्या आणा आधी!"