ओल्या गोणपाटाखालचे हार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका खूप असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाच्या हाती पडलंच तर त्याने सांभाळून घ्यावं.

हे लिहायचं काम खरं म्हणजे आमच्या यांचं होतं. हे शिपाई म्हणून खात्यात लागले आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. अमरावतीला राहायला आल्यावर आठवणी लिहायच्या म्हणून वही आणली. पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली, 'ती फुलं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.' पुढचं लिहायच्या आधीच ते गेले. कोणत्या फुलांबद्दल ते होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढचं मी लिहिते आहे. ते जसं सांगत तसंच लिहीन. नावं लिहिणार नाही. तेही सांगताना कोणाचं नाव घेत नसत.

तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस क्वार्टरमध्ये राहत होतो. बाजारात एक फुलवाला आणि एक संत्रेवाला शेजारी शेजारी गाडी लावत. फुलवाला हिंदू, पायाने थोडा लंगडा. संत्रेवाला मुसलमान. दोन्ही गाड्यांवर मिळून एकच ताडपत्री होती. शुक्रवारी संत्रेवाला नमाजाला गेला की फुलवाला संत्री तोलायचा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत फुलवाल्याला घरी काम असलं की संत्रेवाला हार विकायचा. मी दोघांकडूनही सौदा घ्यायची. संत्री महाग लावली म्हणून मी बोलले की फुलवाला मधेच म्हणायचा, "घ्या वहिनी, त्याची बायको मंत्र मारते संत्र्यांवर, म्हणून गोड हायेत." संत्रेवाला लगेच म्हणायचा, "अन् तुह्या फुलाले वास नाही, कारण तुले बायको बोलूच देत नाही."

मार्च महिना होता. दुपारी एका मिरवणुकीवरून भांडण झालं. भांडणाची दगडफेक झाली आणि पाहता पाहता बाजार पेटला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली, दोन्हीकडची दुकानं जळाली. हे रात्रभर बंदोबस्तावर होते. मी दार लावून घरात बसले होते. हातात फोन होता.

त्या दिवशी संध्याकाळपासून सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरू लागला. मोबाइलवर बातम्या देणारं गावातलंच एक चॅनेल होतं, त्यांनी तो टाकला होता. संत्रेवाला फुलांची गाडी ढकलत पळतो आहे आणि मागे फुलवाला हात उंच करून ओरडतो आहे. त्यावर मोठमोठ्याने संगीत लावलेलं. मग फुलवाला कॅमेऱ्यासमोर रडतो, "माही गाडी गेली हो, गेली माही गाडी." खाली लिहिलं होतं की गरिबाच्या पोटावर कोणी पाय दिला ते पाहा.

त्याच दिवशी संत्रेवाल्याची गाडीही उलटवली होती. संत्री रस्त्यावर तुडवली होती. ते आमच्या फोनवर आलं नाही. त्यांच्या मोहल्ल्यातल्या फोनवर तेवढंच आलं, फुलवाल्याचं काही नाही. यांनी नंतर मला दोन्ही दाखवलं तेव्हा मला समजलं. एकाच बाजारातल्या दोन गाड्या आणि एका फोनवर त्यातली एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. लुटलेली गाडी अमुक गल्लीत, संत्रेवाल्याच्या अंगणात आहे. पथक गेलं आणि गाडी तिथेच सापडली. संत्रेवाल्याला ताब्यात घेतलं, गुन्हा दाखल केला. पंचनाम्याला हे गेले होते. त्यांनीच मला पुढचं सांगितलं. गाडीवर लग्नाचे हार टोपलीत गुंडाळी करून ठेवले होते, वर केळीचं पान आणि त्यावर ओलं गोणपाट. शेजारी पाण्याची बादली. संत्रेवाल्याची म्हातारी आई एवढंच म्हणत होती, "अमानत है बेटा, अमानत." पंचांनी गाडी लिहिली, टोपली लिहिली. कोणीतरी विश्वासाने ठेवायला दिलं आहे, हे म्हातारीचं बोलणं काही लिहिलं नाही.

हे जेवायला घरी आले तेव्हा गणवेशाला निशिगंधाचा वास येत होता. मी म्हटलं, "काहून जी, गावात आग लागली अन् तुमी लग्नाले गेलते काय?"

हे हसले नाहीत. पाटावर बसून मला म्हणाले, "तुह्या बापाच्या मळ्यात म्या हार ओवले हायेत नं? चोर फुलाले पाणी मारते काय?"

मी म्हटलं, "ज्याले इकाचे अस्तीन थो मारते."

"हा त इकाले बसलाच नाही. अंगणात झाकून ठेवले."

भाकरी अर्धीच खाल्ली. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या माहेरी, दर्यापूरकडे, हे माझ्या वडिलांसोबत बांधावर बसून हार ओवायला शिकले होते. बोटं जाड, सुई सारखी टोचायची. माझ्या बहिणी हसायच्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुपारी चौकशी झाली. संत्रेवाला म्हणाला, "गाडी म्या नेली, साहेब."

"काहून नेली?"

त्याने मान दुसरीकडे वळवली.

"कोणं सांगतलं न्यायले?"

"त्यालेच इचारा. म्या सांगतलं त थो खोटा पडन. त्याले त्याच्याच गल्लीत राहाचं हाय."

हे म्हणायचे, आरोपी खोटं बोलायला लागला की घाई करतो. हा घाई करत नव्हता. उलट विचारत होता, "साहेब, त्या लग्नवाल्याले हार भेटले काय? आज सकाळचं लग्न होतं." हार तर मुद्देमालात जमा झाले होते. ठाण्याच्या खोलीत खिळ्याला टांगून वाळत होते.

मग हे फुलवाल्याच्या घरी गेले. तिथे माणसांची गर्दी. त्याच्यासाठी मदत गोळा झाली होती, फोटो काढून झाले होते. हे त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी त्यानं लुटली?"

"फोनमधे हाय नं, साहेब."

"म्या फोनले नाही इचारलं. तुले इचारलं."

तो खाली पाहून राहिला. "सगयेच म्हणून राहिले, साहेब. आता म्या येगळं काय सांगू?"

तपासी अंमलदार म्हणून यांनी चॅनेलवाल्याकडे मूळ चित्रण मागितलं. तो पोरगा काही वाईट नव्हता, असं हे म्हणायचे. नवीन होता. म्हणाला, "साहेब, पूर्ण कोण पाहते? लोक इतकंसं पाहते अन् पुढं पाठवते."

"संगीत तू लावलं?"

"आवाज लई होता, साहेब. गोंगाट. काढून टाकला."

"तोच आवाज मले पाहिजे."

मग फुलवाल्याला ठाण्यात बोलावलं आणि पूर्ण चित्रण ऐकवलं. संगीत नव्हतं. दगड पडल्याचे आवाज, बायकांचं ओरडणं आणि त्यात फुलवाल्याचा स्वतःचा आवाज. हात उंच करून तो संत्रेवाल्याला ओरडत होता, "ने बे, ने! माह्या पायानं नाही होत! आत ने! तुही गाडी मी पाहतो, मी हाओ इथं!"

लंगड्याकडून गाडी ढकलली जाणार नाही, म्हणून संत्रेवाल्याने आपली गाडी तिथेच सोडली आणि त्याची आधी आत नेली. तुझी मी पाहतो, असं म्हणणारा फुलवाला जमाव अंगावर आला तेव्हा पळाला. संत्री रस्त्यावर गेली. त्या भीतीतच कॅमेरा समोर आला आणि तोंडातून निघालं, गाडी गेली. ते शब्द खोटे नव्हते. पण लोकांनी त्यांचा लुटीचा अर्थ लावला, तेव्हा त्याने कोणाला थांबवलं नाही.

फुलवाला डोकं धरून बसला. म्हणाला, "साहेब, हे बंद करा. आईकू नाही येत."

"आईक. त्यानं आतापर्यंत तुहं नाव नाही घेतलं. आत बसून तुहे हार लग्नाले पोचले काय ते इचारून राहिला."

मग जबाब झाला. त्याने सगळं सांगितलं आणि खाली अंगठा नाही, सही केली. संत्रेवाला सुटला. ठाण्याच्या पायरीवर दोघे समोरासमोर आले. फुलवाला हात जोडू लागला तर संत्रेवाल्याने त्याचे हात खाली केले. मग पायऱ्या उतरून घराकडे चालू लागला.

यांनी चॅनेलवाल्याला सांगितलं, आता हेही दाखव. तो म्हणाला, "साहेब, त्याची आता बातमी होत नाही. लोक पुढं गेले." तो व्हिडिओ आजही कोणाच्या तरी फोनवर तसाच असेल, संगीतासकट.

संत्रेवाला त्या बाजारात परत बसला नाही. लोक त्याला व्हिडिओतला म्हणून ओळखायचे. तो अकोल्याला गेला, तिथे गाडी लावतो. फुलवाल्याने शेजारची जागा कोणाला दिली नाही. ताडपत्री तेवढीच लांब राहिली, खाली अर्धी जागा रिकामी. मी सौद्याला गेले की नजर तिकडेच जायची.

मदतीचे उरलेले पैसे फुलवाल्याने संत्रेवाल्याला द्यायला नेले. त्याने घेतले नाहीत. बाकीचे तोवर त्याच्या लेकीच्या अमरावतीच्या क्लासच्या फीला गेले होते. हे त्याला म्हणाले, "लोकांनी लुटीची गोष्ट आईकून देल्ले. लूट झालीच नाही. ज्यांचे त्यांले देऊन टाक." मदत गोळा करणारे म्हणाले, राहू दे, कोण मागते? तो म्हणाला, मी मागतो स्वतःले. दर दसऱ्याला, दर दिवाळीला, लग्नाच्या मोसमात, जमेल तसे ज्यांचे त्यांना परत देत राहिला.

हे म्हणायचे, इतकी वर्षं तपास केला पण आरोपीचंच खरं-खोटं पाहत राहिलो. दाखवणाऱ्याने काय कापलं हेही पाहावं लागतं, ते या केसने शिकवलं. ज्याच्या बाजूचं आपल्याला दाखवलं जातं, त्याच्यावर आपण लवकर विश्वास ठेवतो. पोलीस असो की घरी बसलेली बाई. मीही तो व्हिडिओ त्या रात्री माझ्या बहिणीला पाठवला होता. यांना मी ते सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आता तिले दुसरंही सांग." मी सांगितलं. तिने ऐकलं, पण तिने पुढे ज्यांना पाठवला होता त्यांना कोण सांगणार?

यांना जाऊन आता बरेच दिवस झाले. संध्याकाळी फाटक वाजलं की अजून वाटतं, तेच आले. गणवेशाला कसला तरी वास असेल आणि मी काहीतरी टोमणा मारीन.

या दसऱ्याला फाटक वाजलं तर फुलवाला उभा होता. बसने आला होता, हातात झेंडूची पिशवी. यांच्या फोटोला हार घातला. हार त्याने तिथेच बसून ओवला. चहा घेताना म्हणाला, "वहिनी, काल अकोल्याले गेलतो. त्याले म्हटलं, आता माह्याकडे कोणाचं काही नाही. ताडपत्री तशीच हाय. आता त ये."

"काय म्हणला?"

"म्हणते, मार्चात मृगाची संत्री येऊ दे, पाहू." त्याने डोळे पुसले. "पहिल्यांदाच 'नाही' म्हणला नाही थो, वहिनी. साहेबाले सांगाचं होतं."

तो गेल्यावर मी फोटोसमोर बसले. झेंडूवर पाणी मारलं. मग मोठ्याने म्हटलं, "आइकलं काय जी? त्यानं सगळे पैसे फेडले."