स्टीअरिंगचा मार

सर्जरीची रेसिडेन्सी वर्षभरात सोडून मी निमलष्करी दलात मेडिकल ऑफिसर झाले. पोस्टिंग भामरागडपलीकडच्या कॅम्पवर मिळाली. पावसाळ्यात रस्ता तुटला की जखमीला हलवायला हेलिकॉप्टर एवढाच मार्ग उरे.

आमच्या गाड्यांत सीट बेल्ट कोणी लावत नसे. घात, म्हणजे दबा धरून हल्ला झाला, तर तत्काळ उडी मारता यावी, म्हणून.

पावसाळ्यातल्या एका सकाळी ०७१० वाजता कॅम्पजवळच्या वळणावर आमच्या एका गाडीसमोर आडवे झाड आले. ड्रायव्हर हेड कॉन्स्टेबल सुखदेव रामटेके यांनी ब्रेक मारला. तरी गाडी आदळली आणि त्यांची छाती स्टीअरिंगवर आपटली. आडवे झाड म्हणजे घाताची शक्यता. सगळे उड्या मारून पोझिशनला गेले. रामटेकेही रायफल घेऊन पालथे पडले. चाळीस मिनिटे पानही हलले नाही. झाड वाऱ्याने पडले होते.

०८२० वाजता रामटेके चालत कॅम्पवर माझ्याकडे आले.

"बरगडी दुखून राह्यली, मॅडम. इंजेक्शन टोचा अन् सोडा मले. गाडी काढाची हाय."

"गाडी झाडाले चिपकली हाय, भाऊ. कुठी नाई जात ते," नर्सिंग असिस्टंट उईके म्हणाला.

छातीवर खूण नव्हती. मात्र गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि बीपी ८४ होते. सोनोग्राफीत हृदयाभोवती रक्त दिसले. आवरणात साठणाऱ्या त्या रक्तामुळे हृदयाला फुलायला जागा उरत नव्हती.

मी रेडिओ घेतला. "कॅजुअल्टी वन. हार्ट इंज्युरी. एअरलिफ्ट अर्जंट. ओव्हर."

"ढग खाली आहेत. वेट. ओव्हर."

सुईने थोडे रक्त निघाले, मग गुठळ्यांनी ती बंद झाली. बीपी ६०. भूल देऊन मी डाव्या बाजूने छाती उघडली. हे ऑपरेशन मी दोनदा पाहिले होते, केले नव्हते. आवरण कापताच गुठळ्या बाहेर आल्या आणि बीपी शंभरावर गेले. हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या, जवनिकेच्या भिंतीला चीर होती. दोन टाके घातले. चेचलेल्या स्नायूतून दोन्ही फाटत सुटले. मग चिरेवर बोट दाबून धरले.

"ढग?"

"नाई उघडले, मॅडम." उईके श्वास देणारी अँबू बॅग दाबत होता.

१०५० वाजता हृदय थांबले. ११०१ वाजता मी प्रयत्न थांबवले. हेलिकॉप्टर ११२० वाजता उतरले.

त्या चाळीस मिनिटांत ते माझ्यासमोर असते तर? हा प्रश्न मी अनेकदा मांडला.

ब्रह्मपुरीजवळच्या रामटेकेंच्या गावी अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर त्यांचे वडील माझ्याजवळ आले.

"बाई, त्याचं काळीज तुमच्या हातात होतं म्हनतेत. कसं होतं?"

"जोरात चालत होतं, बाबा. शेवटपर्यंत."

शेवटची अकरा मिनिटे ते मी माझ्या मुठीने चालवत होते. ते मी त्यांना सांगितले नाही.