खडप दाखवणारा माणूस

आमच्या बाबांची एक गोष्ट अख्ख्या वाडीला तोंडपाठ आहे आणि तिच्यावर कुणाचाही काडीचा विश्वास नाही. गोष्ट अशी: फार पूर्वी आमचा समुद्र मोजायला गोरे साहेब आले होते. गुहागरकडच्या आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडप आहे. खडप म्हणजे समुद्रात दडलेला खडक, भरतीला अजिबात न दिसणारा. बाबांच्या आज्यानं साहेबांना होडीत घालून तिथं नेलं, ते खडप दाखवलं आणि साहेबांनी ते आपल्या पुस्तकात लिहून घेतलं. बस्स, एवढीच गोष्ट.

"मग राणीनं आज्याला पेन्शन लावली की नाय?" वाडीतली माणसं विचारायची. मीही त्यांच्यातलीच. लहानपणी ही गोष्ट सुरू झाली की मी आणि माझी बहीण उशीत तोंड खुपसून हसायचो.

बाबा चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. सगळा कारभार किनाऱ्यावरच्या खुणांवर. देवळाचा कळस मागच्या टेकडीच्या खाचेत बसला की इथं वळायचं, अमक्या माडाच्या आड तमकं टोक गेलं की तिथं जाळं टाकायचं. आता भावाच्या बोटीवर जीपीएस आहे. गेल्या नारळी पौर्णिमेला सगळ्यांसमोर तो हसत म्हणाला, "बाबा, तुमच्या खुणा आणि तुमचा आजा, दोन्ही आता म्युझियममध्ये ठेवूया." माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून बाबांनी ती गोष्ट सांगितली नाही.

दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आले. मी तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी इतिहासात एम.ए. करत होते. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर खायला उठलं, म्हणून घेतलं डोक्यात. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "तू त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जातेस ना गो? तिथं जुनी पुस्तकं असतात म्हणतेस. आज्याचं खडप बघ. असलं तर हाय. नसलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाय."

गंमत म्हणून हो म्हटलं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दुर्मिळ पुस्तकांचा विभाग आहे. वेखंडाचा वास, फडक्यात गुंडाळलेले ग्रंथ, आणि ग्रंथपाल मॅडम, ज्या, आपण पान उलटलं की असं बघतात, जणू आपण त्यांच्या लेकराचा कान पिरगाळतोय. दोन दिवस कपाटं उपसल्यावर मला हवं ते सापडलं: जहाजांना किनारा कसा गाठायचा ते सांगणारं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. आमच्या खाडीला अर्धं पान दिलेलं. मी ते चार वेळा वाचलं. खोली होती, वाळू होती, देऊळ होतं. खडप नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि पेज प्यायले. दुसऱ्या दिवशीही "बरं", तिसऱ्या दिवशीही "बरं". एरवी टीव्हीवरच्या हवामानखात्याशी भांडणारा माणूस, भिंतीकडे बघत बसलेला. खरं सांगते, न्हाणीघरात जाऊन मी रडले. आयुष्यभर ज्या गोष्टीला हसले ती खोटी निघाली, तर मलाच एवढं लागावं!

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून, डोळ्यांना ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून दारात उभे. "मला ने. ते पान मला वाचून दाखव." हातात पिशवी होती. मी विचारलंही नाही, तिथंच चुकले.

पिशवीत सोडे होते! सुकवलेली कोळंबी, चांगली बरणीभर. कुणाकडे काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मॅडम घाटावरच्या, शुद्ध शाकाहारी. बाबांनी बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि वर झाकण उघडून दाखवलं. "घरचं हाय. वास घ्या!" अरे देवा! मॅडमनी नाकाला रुमाल लावला. वाचायला बसलेले दोन विद्यार्थी खोकत उठले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मॅडम म्हणजे बाई मोठ्या मनाच्या. झाकण घट्ट लावून त्यांनी बरणी बाहेर शिपायाकडे पाठवली आणि म्हणाल्या, "आजोबा, बसा. पुस्तकाला मात्र हात लावायचा नाही हं."

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. बाबांनी डोळे मिटले. उजवी मूठ टेबलाच्या कडेवर ठेवली, सुकाणू धरावं तशी. मी म्हटलं, उत्तरेकडून या, टोकापासून एवढं अंतर ठेवा. मूठ जराशी सरकली. मी म्हटलं, आता देऊळ समोर धरा आणि सरळ आत चला.

"फुटली!" बाबांनी टेबलावर थाप मारली. मॅडम ताडकन उठल्या.

"काय फुटली?"

"बोट! ह्या वाटेनं आलात तर सरळ खडपावर जाणार. माणसं मारायचा धंदा हाय हा!"

"बाबा, हळू. तेच तर सांगतेय, त्यांना खडप माहीतच नाही."

बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं. "मग बरोबर हाय की गो! हा साहेब अजून माझ्या आज्याला भेटलेलाच नाय. एक तरी जहाज आपटलं असेल, मग आले असतील विचारायला. ह्याच्या पुढचं पुस्तक काढा."

पुस्तकात नाही म्हणजे घडलंच नाही, असं मी धरून चालले होते. अशा पुस्तकांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघतात हे मला वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. आणि इथं चौथी पास तांडेलानं मला शिकवावं! कपाळावर हात मारून घेतला.

मॅडम आतल्या खोलीत गेल्या. नोंद व्हायची राहिलेल्या पुस्तकांचा ढीग तिथं पडून असतो. अर्ध्या तासानं धुळीनं माखून, दोऱ्यानं बांधलेलं, त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीचं एक बाड घेऊन आल्या. पान त्यांनीच उलटलं.

होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक असल्याचं लिहिलं होतं. देवळाचा कळस टेकडीच्या खाचेत येईल ती रेघ सोडू नये म्हणजे खडक टळतो, असंही होतं. बाबांची खूण, जशीच्या तशी! त्यापुढे एक छोटं वाक्य होतं, की हा खडक गावातल्या एका मच्छीमारानं दाखवला.

"वाच पुन्हा," बाबा म्हणाले. मी वाचलं. "पुन्हा." मी तिसऱ्यांदा वाचलं.

"नाव?"

क्षणभर वाटलं, ठोकून द्यावं. त्यांना इंग्रजी कुठं येतं? पण ज्या माणसाला सगळ्यांनी थापाड्या म्हटलं त्याच्यासमोर थाप मारवेना. "नाव नाही बाबा. नुसतं एक मच्छीमार."

बाबांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "त्यांनी विचारलंच नसेल."

मॅडमनी पेन्सिलीला टोक काढलं. त्या बाडाची नोंद आजच करून टाकते, म्हणाल्या, आणि ते खडप कुणी दाखवलं हेही नोंदीच्या कार्डावर लिहिते, पुस्तकावर लिहिता येत नसलं तरी. "सांगा आजोबा, तुमच्या आज्याचं पूर्ण नाव काय?"

बाबा खुर्ची सारून उभे राहिले. वाचनाच्या खोलीत, भर समुद्रात हाक मारावी तसं, त्यांनी नाव सांगितलं: आज्याचं, आज्याच्या बापाचं, आडनाव, गाव. मी त्यांना गप्प केलं नाही. मी इतिहास शिकायला निघालेली त्यांची पोर, आणि माझ्या पणजोबांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.