पळवाट नसलेला कायदा

माझा दादा कायदे लिहितो. सभागृहात हात वर करणारे वेगळे, आणि ते हात कशासाठी वर जाणार ते कागदावर उतरवून देणारा वेगळा. विधी खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाट आणि जिन्याच्या मधल्या टेबलावर त्याने एकतीस वर्षे काढली. कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या असतात, म्हणजे अमुक शब्दात कोण येते आणि कोण येत नाही. त्या लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून ऑफिसात त्याला व्याख्याकाका म्हणतात. आईने थोडे दूध आणायला सांगितले की हा विचारायचा, "थोडं म्हणजे किती?" आई म्हणायची, "तुझ्याशी लग्न करणारी आधी वकील घेऊन येईल." कोणी आलीच नाही. आई गेल्यापासून तो माझ्याकडे जेवतो, आणि जेवताना लिफ्टमध्ये लावलेल्या सूचनेतल्या चुका सांगतो.

मी सरकारी रुग्णालयात डायलिसिस विभागाची सिस्टर. आमच्या मशीनची तपासणी बाहेरच्या माणसाने करावी असा नियम मध्यंतरी येणार होता. आम्ही त्याचा मसुदा कौतुकाने ड्युटीरूमच्या भिंतीवर चिकटवला होता. तीन महिन्यांनी नियम आला, तर त्यात तपासणी मशीन पुरवणाऱ्या कंपनीकडेच. मधल्या काळात मंत्र्यांच्या दालनात कोण जाऊन बसले, कोणी पाचर मारली, कोणाला पत्ता नाही. मग एके दिवशी सहा नंबरच्या मशीनचा इशारा वाजलाच नाही, आणि शिवणकाम करणारी एक बाई माझ्या हातात थंड पडत गेली. तिला वाचवताना आमच्या नाकी नऊ आले. मशीनवर 'तपासले' असा कंपनीचा स्टिकर होता, चारच दिवसांपूर्वीचा.

म्हणून अशा भेटींची नोंद ठेवायचा कायदा दादाच्या टेबलावर आला तेव्हा मला खरेच आनंद झाला. कंपनीकडून पैसे घेऊन जो कोणी मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला भेटेल, त्याने आपले नाव, तारीख आणि विषय सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवायचा. रजिस्टर कोणीही येऊन पाहावे. न नोंदवता भेटला तर शिक्षा. दादाने पहिला मसुदा दीड पानात बसवला. मी तो भाजी चिरता चिरता वाचला आणि मला कळला.

"दादा, हा असाच राहू दे," मी म्हटले.

"बघू. सूचना मागवल्यात," तो म्हणाला.

सूचना घेऊन आला तो कंपन्यांच्या संघाचा सल्लागार. राखाडी सूट, मऊ आवाज, हातात कधी फाईल नाही. मी त्याचे नाव गुळचट ठेवले. मला वाटले होते, हा गळा काढेल, उद्योग बुडाले म्हणेल. तसले काही नाही. पहिल्याच भेटीत तो दादाला म्हणाला, "साहेब, गोदामांच्या कायद्यातल्या व्याख्या तुमच्याच ना? आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला त्या वाचायला देतो."

हे दादाने मला त्या संध्याकाळी सांगितले, तेही लाजत. सत्तावन्न वर्षांचा माणूस. एकतीस वर्षांत त्याचे लिहिलेले कोणी वाचले नव्हते. मंत्री शेवटचे पान उघडून सही करत, सभागृहातले तेही बघत नसत, आणि खरे सांगायचे तर मीही वाचत नसे. या एका माणसाने वाचले होते, कलमांच्या आकड्यांसकट. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला याहून जास्त लागत नाही.

मग गुळचट दर आठवड्याला येऊ लागला. येताना एकच शंका आणायचा, पण अशी की दादाला रात्रभर पुरावी.

"त्यांचं म्हणणं, फक्त पैसे घेणारेच का?" दादा मला जेवताना म्हणाला. "पैसे न घेताही माणूस दबाव आणतोच. कायदा सगळ्यांना सारखा हवा."

"सगळे म्हणजे?"

"जो कोणी नियम बदलायला सांगायला जाईल तो."

"मग आम्हीही आलो त्यात."

"तुम्हाला काय भीती? नोंद करायची नि जायचं."

"आणि नव्या मसुद्यात नोंदणीला लावलेली फी? तो पंचवीस पानी अर्ज? तो कोण भरणार?"

"तू उगाच फाटे फोडतेस," दादा म्हणाला. फाटे मी फोडत होते म्हणे.

पुढची शंका आणखी गोड होती. सरकारनेच एखाद्या जाणकाराला माहिती द्यायला बोलावले, तर त्याचे नाव रजिस्टरमध्ये कशाला? अशाने कोणी जाणकार येईल का? दादाने दोन दिवस विचार केला आणि ती सूट लिहिली. कोणाला शंका राहू नये म्हणून साडेतीन ओळींत लिहिली, आणि मला वाचूनही दाखवली. त्या वेळी माझी रुग्णालयात डबल ड्युटी चालली होती. मी ऐकता ऐकता डुलकी काढली, त्याचा राग मला स्वतःवर आजही आहे.

कायदा नऊ मिनिटांत पास झाला. दोन्ही बाजूंनी बाके वाजवली. गुळचटने दादाला फोन करून अभिनंदन केले आणि म्हणाला, "साहेब, एक फट ठेवली नाहीत." दादा तो फोन ठेवून कितीतरी वेळ तसाच बसला होता, तोंडावर हसू घेऊन.

दोन महिन्यांनी सहा नंबरच्या मशीनने पुन्हा दगा दिला. आम्ही सात सिस्टर ड्युटी संपवून, युनिफॉर्मवरच, मंत्र्यांकडे गेलो. तपासणीचा नियम बदला, असे पत्र दिले, सह्या केल्या. मंत्री चांगले बोलले. तीन आठवड्यांनी सातही जणींना नोटीस आली. नोंदणी न करता सरकारवर दबाव आणल्याबद्दल कामावरून का काढू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

मी रजा टाकली आणि रजिस्टर बघायला गेले. नवीन रंगाचा वास येणारी खोली, काचेमागे कारकून. त्याने जाडजूड वही पुढे सरकवली. पहिल्या पानावर 'विनानोंदणी भेट' या रकान्यात आम्ही सात जणी, आडनावासकट. बाकीची पाने कोरी.

"कंपन्यांची माणसं कुठं लिहिता?" मी विचारले.

"ते बोलावलेले असतात, सिस्टर," कारकून म्हणाला. "बोलावलेल्यांची नोंद नसते."

बाहेर बाकावर गुळचट बसला होता, आत बोलावणे यायची वाट बघत. माझ्याकडे बघून त्याने ओळख असल्यासारखी मान हलवली. केसाने गळा कापणारी माणसे मी ऐकली होती, पाहिली त्या दिवशी.

संध्याकाळी दादा जेवायला आला तेव्हा मी ताटाऐवजी नोटीस पुढे ठेवली.

"दादा, यात चूक शोध. एक चूक सापडली तरी आम्ही सुटतो. तू सगळ्यांच्या शोधतोस."

त्याने चष्मा पुसला. एकदा वाचले, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचले. मग आपल्या पिशवीतून कायद्याची प्रत काढून शेजारी ठेवली आणि कलम कलम ताडून पाहिले. भात गार झाला. त्याचे ओठ हलत होते, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

"नीट बघ. सात घरं आहेत."

"नीटच बघितलं गं." मग त्याने खिशातून फोन काढला. "थांब, त्यांना विचारतो. ते काहीतरी सुचवतील. या कायद्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

नंबर त्याला पाठ होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, तरी तो हात पुढे करून तसाच बसून राहिला.