पानवाल्या नानांचा गट

नाना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. त्याच्या हातातल्या केळीच्या पानाकडे पाहत. पान उन्हात धरायचे, उलटे करायचे, आणि मगच विचारायचे, "गाव कोणतं?" कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले तोवर चोपडा गावात ते 'पानवाले नाना'च झाले होते. आमचे घर त्यांच्या शेजारचे.

मीच त्यांना फोनवर खाते उघडून दिले. तेव्हा सगळे जग त्या एकाच साईटवर होते. केळीवाल्यांचा गट सुरू केला आणि रावेर, जामनेरहून पानांचे फोटो येऊ लागले. सकाळी ओट्यावर बसून नाना एका बोटाने उत्तरे लिहीत. ठाऊक नसले तर सरळ 'मला माहीत नाही' असे लिहीत. पुस्तकी सल्ले ऐकून कंटाळलेल्या लोकांना त्याचेच अप्रूप वाटे. शेतकरी एकमेकांना बागेत बोलावू लागले. खरंच चांगले दिवस होते ते.

मग घाण आली. आधी देवांचे फोटो, मग पुढाऱ्यांचे वाढदिवस, मग जातीवरून शिवीगाळ. नानांनी लिहिलेले चार जणांना दिसे; अर्धवट कपड्यांतल्या नाचाचे व्हिडिओ न मागता सगळ्यांना दिसत. मी धुळ्याला शिक्षिका म्हणून गेले होते. सुट्टीत आले की नाना फोन माझ्यापुढे सरकवत आणि उठून मोरीवर हात धुऊन येत. एकदा अहिराणीत म्हणाले, "माय, आठे आते माणसे नहीत. बठ्ठा बाजार शे." खरेच, तिथे आता सगळा बाजारच होता. जुने लोक भांडून गेले नाहीत. गुपचूप गेले, एकेक करून.

त्यानंतर ती जाहिरात आली. नानांचा ओट्यावरचा फोटो, हातात पान, आणि खाली लिहिलेले: 'नानांचे खात्रीचे औषध, मोझॅकवर एकच फवारणी.' मोझॅक हा केळीचा विषाणूजन्य रोग; तो झालेले झाड उपटून नष्ट करावे लागते, त्याला औषध नाही, हे नाना जन्मभर सांगत आले होते. आम्ही साईटकडे तक्रार केली. दोन दिवसांनी कंपनीचे उत्तर आले की जाहिरात आमच्या नियमांत बसते. मी फोन ठेवला आणि उठून मोरीवर हात धुऊन आले.

रावेरजवळच्या एका शेतकऱ्याने ते औषध मारले आणि नानांच्या भरवशावर रोगट झाडे तशीच उभी ठेवली. महिनाभरात रोग सगळ्या बागेत पसरला. नानांना कळले तसे ते पहिल्या एस.टी.ने निघाले. मी सुट्टीला आले होते, सोबत गेले. बांधावर पोचल्यावर त्यांनी, आपली काही चूक नसताना, त्या माणसापुढे हात जोडले. मग दोन दिवस, सत्तरी ओलांडलेले नाना त्याच्याबरोबर झाडे उपटत राहिले.

निघताना तो शांतपणे म्हणाला, "नाना, तुमच्यावर राग नाही. पण आता फोनमधल्या कोणाचंच ऐकणार नाही. तुमचंही नाही."

 घरी येऊन नानांनी गट बंद करायला सांगितले. इतक्या वर्षांची उत्तरे जातील, असे मी म्हणाले. "जाऊ दे," म्हणाले. "चांगलं उत्तर घाणीत पडलं की तेही घाणच दिसतं."

गेल्या वर्षी नाना गेले. ती साईट आता ओस पडत चालली आहे. शाळेतली मुले म्हणतात, तिथे म्हातारी माणसे असतात म्हणून आम्ही जात नाही. जाणकार म्हणतात, नवे काहीतरी आले म्हणून. म्हणोत बापडे.

नानांच्या तेराव्यानंतर सहज उघडून पाहिले, तर ती जाहिरात अजून चालू होती. आता औषध लसणावरही चालत होते. मी माझे खाते काढून टाकायला घेतले. का सोडता आहात, असे विचारून पडद्यावर कारणांची यादी आली: वेळ मिळत नाही, ओळखीचे कोणी नाही, वापरायला अवघड जाते. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

किळस तिच्यात नव्हती.