धार काढायची जागा

"मंग धार कोन काडनार?" असं ओरडत ऑफिसातली ती बाई आपली खुर्ची गर्रकन फिरवायची, तेव्हा आमच्या चहाचे कप आपोआप टेबलाच्या मध्यभागी सरकायचे. तुम्ही म्हणाल, मी वाढवून सांगतो. बाकीचं वाढवतोच, तिचा आवाज मात्र कमी करून सांगतोय.

आमचं ऑफिस लोणावळ्यात, चिक्कीच्या दुकानाच्या वर. कारखान्यांकडून यंत्रांची कॉम्प्युटरवरची मॉडेलं यायची, ती आम्ही इमारतीच्या मॉडेलमध्ये बसवायचो. कारखानेवाले बोल्टचे आटेसुद्धा काढून पाठवत. एवढं ओझं घेतलं की इमारतीचं सॉफ्टवेअर असं अडायचं, की खाली चिक्कीचा घाणा उतरून वड्या पडायच्या, तरी स्क्रीन हलायची नाही. मग आटे, बोल्ट, पाती सगळं सोलायचं. उरायचा बाहेरचा खोका आणि पाइपांची तोंडं.

ती वाटाणे सोलावेत तसं सोलायची. पण सोलून झालं की प्रत्येक यंत्रापुढं एक रिकामा चौकोन स्वतःहून घालायची. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची जागा. बाई आंदर मावळातली, घरी म्हशी. "म्हस भितीला खेटून बांदली..." पुढचं तुम्ही पहिल्याच ओळीत ऐकलंत.

एका हॉटेलच्या तळघरात, गारवा करणाऱ्या यंत्रापुढचा तिचा चौकोन भिंतीत घुसला. आर्किटेक्टना तिथं सामानाची खोली हवी होती. आमच्या साहेबांनी हात जोडले. "अगं, नुसती हवा आहे ती. काढून टाक, नाहीतर काम जाईल हातचं."

"हवा न्हाई सायेब, मानूस हाय. त्याला काडायचं तर मशीन बी काडते."

शेवटी आर्किटेक्ट स्वतः आले. धिप्पाड गृहस्थ. तिनं ऑफिसचं कपाट ढकलून, त्यांच्या नकाशात यंत्रापुढं होती तेवढीच फट भिंतीशी ठेवली. "बसा सर. आता खालचा कप्पा उघडा."

ते बसले. कप्पा राहिला बाजूला, त्यांनाच उठता येईना. राजमाचीचा डोंगर हलला असता, ते हलले नाहीत. आम्ही तिघांनी कपाट ओढलं. शर्ट झटकत ते हसले. "घ्या बाई, बांधा तुमची म्हैस. भिंत मागं घेतो."

पुढं तिला नाशिकला नोकरी लागली आणि आमचं ऑफिस एकदम मुकं झालं.

परवा कामानिमित्त त्या तळघरात उतरलो. यंत्राचं झाकण उघडून एक मेकॅनिक मांडी घालून बसला होता, शेजारी पाने, जेवणाचा डबा. "बाकी हाटेलांत आडवं पडून हात घालावा लागतो," तो म्हणाला. "हितं कुनीतरी मानसाचा इचार केलाय. बसा की."

मी बसलो. आम्ही दोघं मावलो, आणि वर तिला खुर्ची गर्रकन फिरवता येईल एवढी जागा उरली.