भावाच्या हृदयाचे दोन आकडे

माझ्या थोरल्या भावाचं हृदय चंद्रपुरात तेहतीस भरलं आणि नागपुरात एकोणचाळीस. मध्ये आठवडाही गेला नव्हता. गोळ्या त्याच, माणूस तोच.

हृदयात साठलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला शंभरातलं किती बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. एमआरआयच्या चित्रांवरून काढतात. पस्तीस किंवा त्याखाली आला तर सरकारी योजनेतून छातीत यंत्र बसतं. ठोके भरकटले की ते झटका देऊन माणसाला परत आणतं. पस्तीसच्या वर गेला की घरी जा, गोळ्या खा. हा नियम. आता सांगा, माझ्या भावाचं काय करायचं?

आमच्या आरमोरीहून दोन्हीकडच्या चित्रांच्या सीडी घेऊन आम्ही पुन्हा नागपूर गाठलं. चित्रं वाचणारा डॉक्टर खुर्चीतून हललाही नाही. म्हणाला, "मशीन वेगळी. पाच-सहाचा फरक चालतो."

"चालतो कोणाले?" मी म्हटलं. "तुम्हाले चालते. याचं मरण त्याच पाच-सहात आहे."

"तू काऊन चिल्लावून राह्यला बे?" भाऊ मलाच दटावायला लागला.

पण ओरडल्याशिवाय डॉक्टरनं पडदा माझ्याकडे वळवला नसता. तेव्हा कळलं की मशीन मोजतच नाही. ती चित्रं काढते. माणूस माऊस धरून हृदयाच्या आतल्या भिंतीवर रेघ ओढतो आणि त्या रेघेवरून आकडा निघतो. आत स्नायूंचे जाड खुंट असतात. चंद्रपूरवाले ते रक्तात धरतात, मग आकडा उतरतो; हे नागपूरवाले भिंतीत धरतात, मग चढतो. दोन्ही पद्धती मान्य आहेत म्हणे. रिपोर्टवर मात्र कोणीच लिहीत नाही की आपण कोणती वापरली.

"मग चंद्रपूरची चित्रं तुम्हीच मोजा," मी अडून बसलो.

कुरकुरत मोजली. अडतीस. म्हणजे ज्या मशीनवर सगळं ढकललं, ती बिचारी निर्दोष! फरक होता तो हाताचा आणि सवयीचा.

"पस्तीसचा नियम कोणत्या सवयीवर बसवला?"

"ते योजनावाल्यांना विचारा." आणि त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

योजनेच्या कार्यालयात मी खुंट, रेघ, सगळं समजावलं. बाबू जांभई देत म्हणाला, "आमच्याकडे आकडा लागते, पद्धत नाई. तुमचे आकडे दोन झाले. तिसरीकडून करून आणा."

भाऊ उठला. "तिसऱ्यानं तिसराच देल्ला तं चौथीकडे धाडाल? मी काय बैल आहो का, बाजारोबाजार दात दाखवाले?"

बाबू हसला. आजूबाजूचेही हसले. मला त्या हसण्याची अजून चीड येते.

भावानं तिसरी तपासणी करून घेतली नाही. मी पाया पडलो, भांडलो, वहिनीला मध्ये घातलं. ऐकलं नाही. मी पत्रकं वाटतो: रिपोर्टवर पद्धत लिहा, नियमातही लिहा, दोन्ही वेळची चित्रं एकाच हातानं मोजा. कार्यालयातही एक दिलं, तिथून उत्तर नाही. भाऊ मात्र यंत्राशिवायच धानाच्या रोवणीला उतरला आहे. बांधीतल्या चिखलात वाकतो, धाप लागली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसतो, पुन्हा उतरतो. त्याच्या धुऱ्यावर वहिनी बसून असते. तिनं रोवणी सोडली आहे. ती फक्त त्याच्याकडे बघत असते.